वाचकांचे प्रश्न : राणीच्या पाठीवरचे मूल आणि किल्ल्याखालची बाभूळ

(ऐतिहासिक प्रसंगचित्रे, निसर्गचित्रे आणि दंतकथांची चित्रे यांविषयी आलेल्या निवडक पत्रांना या अंकात ग्वाल्हेरचे एक बोधचित्रकार उत्तरे देत आहेत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.)

प्रश्न : मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील एका शाळेत चित्रकला शिकवतो. आमच्या मंडळाने सभागृहाच्या भिंतीसाठी राणी लक्ष्मीबाईंच्या ग्वाल्हेरच्या अखेरच्या लढाईचे मोठे चित्र माझ्याकडे सोपवले आहे. पुढचे दोन्ही पाय उचललेला घोडा, उगारलेली तलवार आणि पाठीशी बांधलेला दामोदर हे सगळे हवेच, असा कार्यकारिणीचा आग्रह आहे. इतिहास शिकवणारे माझे सहकारी मात्र म्हणतात की, त्या दिवशी राणीच्या पाठीवर मूल नव्हतेच. मी कोणाचे ऐकावे?
— एक कलाशिक्षक, ग्वाल्हेर

उत्तर : तुमच्या सहकाऱ्यांचे म्हणणे मानावे, आणि ते कार्यकारिणीला पटवण्यासाठी ग्रंथांचे भारे न्यायची गरज नाही, साधा हिशेब पुरे आहे. दामोदररावांचा जन्म नोव्हेंबर १८४९ मधला. राणीसाहेब कोटा की सरायजवळच्या लढाईत पडल्या ते जून १८५८ मध्ये (तारीख कोणी १७ देतात, कोणी १८). म्हणजे मुलगा साडेआठ वर्षांचा होता. तुमच्याच शाळेतल्या तिसरी-चौथीच्या एखाद्या मुलाला मोठ्या माणसाच्या पाठीशी उपरण्याने बांधून पाहा आणि त्याचे रेखाटन करा. मुलाचे पाय स्वाराच्या मांड्यांच्या खाली लोंबतात, डोके स्वाराच्या मानेला टेकते, उजवा हात खांद्याच्या वर नेताना सगळा तोल मागे जातो. मूर्तिकारांनी आणि कॅलेंडरवाल्यांनी ही अडचण मुलाला दोन-तीन वर्षांचे करून सोडवली, एवढेच. दामोदरराव राणीसाहेबांच्या मृत्यूनंतर विश्वासू माणसांबरोबर रानावनात भटकत राहिले, पुढे इंदूरला स्थायिक झाले आणि १९०६ साली वारले. तेव्हा मुलाला चित्रातून वगळल्याने त्याच्यावर अन्याय होईल, असेही नाही.

पाठीवरच्या मुलाची आठवण लोकांनी झाशीहून उचलली आहे. एप्रिल १८५८ च्या सुरुवातीला राणी रात्री झाशीचा किल्ला सोडून निघाल्या, तेव्हा मुलगा बरोबर होता. कार्यकारिणीला आई आणि मूल हवेच असेल, तर प्रसंग बदला: झाशी सोडतानाची रात्र रंगवा, मुलगा त्याच्या खऱ्या वयाचा दाखवा आणि चित्राखाली झाशीचे नाव लिहा. ग्वाल्हेरचाच प्रसंग हवा असेल, तर मूल नको. एका चित्रात दोन गावे कोंबली की चित्र कुठल्याच गावाचे राहत नाही.

आता ग्वाल्हेरच्या प्रसंगाविषयी. तुम्ही इथलेच आहात, म्हणून जूनचा तिसरा आठवडा म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. पाऊस आलेला नसतो, लू (उन्हाळ्यातला गरम वारा) वाहत असते, आणि आकाश निळे नसून धुळीने पांढुरके, क्षितिजाजवळ तर मातकट पिवळे झालेले असते. त्या लढाईत ब्रिटिश फौजेतली माणसे गोळ्यांनी पडली तशी उष्माघातानेही पडली. असे असूनही या प्रसंगाच्या बहुतेक चित्रांत घोड्याच्या टापांखाली हिरवेगार गवत आणि वर कापसासारखे ढग असतात. मी तर म्हणेन की, तुम्ही रंगाची पहिली पट्टी आकाशाची ठरवा. ती खरी साधली की तलवारीची चमक, सावल्यांचा आखूडपणा, घोड्याच्या अंगावरचा वाळलेला फेस हे सगळे तिच्यातून आपोआप ठरत जाईल.

पोशाख घोडेस्वाराचा, पुरुषी होता. नऊवारीचा कासोटा तिथे नको. चेहऱ्यासाठी जॉन लँग या वकिलाचे वर्णन हाताशी ठेवा. त्याने १८५४ मध्ये झाशीला राणींची भेट घेतली होती आणि छोट्या दामोदरने पडदा बाजूला केल्यामुळे त्याला त्या क्षणभर दिसल्या होत्या. गोल चेहरा, विशेष सुंदर डोळे, नाजूक नाक, वर्ण फार गोरा नाही, अंगावर साधी पांढरी मलमल, आणि कानांतल्या सोन्याच्या दागिन्यांखेरीज दुसरा अलंकार नाही, असे त्याने लिहिले आहे. आपल्याकडच्या चित्रांतली गोरीपान, हारतुऱ्यांनी मढलेली राणी या वर्णनाशी मुळीच जुळत नाही.

राहिला घोडा. नवा घोडा नाल्याशी अडला आणि तिथे घात झाला, अशी इथली परंपरागत हकिकत आहे. ती दंतकथा माना किंवा इतिहास माना, पण चित्रकार म्हणून मला उधळलेल्या घोड्यापेक्षा अडलेला घोडा कितीतरी बोलका वाटतो: पुढचे पाय जमिनीत रोवलेले, मान मागे खेचलेली, कान चपटे झालेले, आणि स्वाराची नजर पुढे नाल्याकडे नसून मागे वळलेली. कार्यकारिणीशी तोंडी वाद घालत बसू नका. दोन लहान रंगीत रेखाटने करून समोर ठेवा, त्यांत एक त्यांच्या मनासारखे असू द्या. डोळ्यांना फरक दिसला की आग्रह बऱ्याचदा सैल पडतो. नाही पडला, तर निदान चित्राखालच्या पाटीवर ‘ग्वाल्हेर, १८५८’ असे लिहायला नकार द्या.

प्रश्न : मी किल्ल्याच्या पूर्वेकडच्या पायथ्याशी बसून, प्रत्यक्ष पाहून मानमंदिर महालाचे जलरंगचित्र केले आणि त्यात राजा मानसिंह तोमरांची संध्याकाळची स्वारी घातली. स्पर्धेत परीक्षकांनी ‘निसर्गचित्र उत्तम, ऐतिहासिक चित्र सदोष’ असा शेरा दिला. समोर दिसते ते जसेच्या तसे काढले, तर सदोष कसे?
— कला महाविद्यालयातील विद्यार्थिनी, ग्वाल्हेर

उत्तर : समोर दिसते ते आजचे आहे, आणि मानसिंहांचा काळ १४८६ ते १५१६ हा आहे, एवढ्यातच परीक्षकांचे म्हणणे येते. पण तुमची तक्रार मी मोडीत काढणार नाही, कारण जागेवर बसून काम करणारी मुले आता कमी झाली आहेत आणि अशा मुलांना नुसता शेरा मारून परत पाठवणे बरे नव्हे. तुम्ही काय पाहिलेत आणि त्यातून काय वजा करायला हवे होते, ते सांगतो.

पहिली गोष्ट उजेडाची. मानमंदिराची देखणी, गोल बुरुजांची बाजू पूर्वेकडे आहे. सकाळी तिच्यावर ऊन पडते, तेव्हा वालुकाश्म मधासारखा पिवळा होतो आणि फरशांवरच्या निळ्या बदकांची रांग खालूनही ओळखू येते. संध्याकाळी सूर्य डोंगराच्या मागे असतो. तेव्हा हीच भिंत जांभळट-करड्या सावलीत जाते आणि फक्त छत्र्यांच्या कडा उजळतात. तुम्ही स्वारी संध्याकाळची ठेवली आणि भिंतीवर सकाळचे ऊन ठेवले. बहुधा रेखाटन सकाळी केले असेल आणि रंगाची हौस संध्याकाळची असेल. हा दोष तर निसर्गचित्र म्हणूनही दोषच आहे, पण परीक्षकांच्या नजरेतून तो सुटलेला दिसतो.

दुसरी गोष्ट इमारतीची. बाबर १५२८ मध्ये, म्हणजे मानसिंहांच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, ग्वाल्हेरला आला आणि त्याने जे पाहिले ते आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले. घुमटांवर सोन्याचा मुलामा दिलेले तांब्याचे पत्रे होते, बाहेरच्या भिंतींवर हिरव्या फरशांनी केळीची झाडे काढलेली होती आणि हाथी पोळ या दरवाजाच्या बाहेर, वर दोन माणसे बसलेला दगडी हत्ती उभा होता. आज पत्रे नाहीत, हत्ती नाही; घुमट उघडे दगडी आहेत. ज्या राजाची स्वारी तुम्ही काढलीत, त्याला हा किल्ला दगडी पिवळा नव्हे, तर सोने, निळा आणि हिरवा अशा तीन रंगांत झळाळताना दिसत होता. त्याच्या हयातीत तो जवळजवळ नवा कोरा होता, हेही ध्यानात घ्या. शेवाळ, पावसाचे काळे ओघळ, निखळलेल्या फरशांच्या खळग्या हे सगळे पुढच्या शतकांचे लेणे आहे आणि जलरंगात ते रंगवायला फार गोड वाटते, म्हणून तर आपण फसतो.

तिसरी गोष्ट झाडांची, आणि इथे मात्र बहुतेक सगळेच घसरतात. पायथ्याशी तुम्हाला जी काटेरी, बारीक पानांची झुडपे सर्वत्र दिसली, ती विलायती बाभूळ. ती मूळची अमेरिकेतली. आपल्याकडे ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणली गेली आणि चंबळच्या खोऱ्यांत तर तिचे बी विमानातून टाकले गेले. गुलमोहर मादागास्करचा, तोही एकोणिसाव्या शतकातला पाहुणा. निलगिरी, घाणेरी, बोगनवेल यांनाही मानसिंहांच्या स्वारीत जागा नाही. त्यांऐवजी करधई, खैर, धावडा, पळस, तेंदू, साधी देशी बाभूळ आणि गावाजवळ कडुनिंब, पिंपळ, चिंच ठेवा. करधई शिकायची असेल तर शिवपुरीच्या बाजूला जा: उन्हाळ्यात ती इतकी वाळलेली, करडी दिसते की झाड मेले असे वाटावे, आणि पहिल्या सरीनंतर ती अंगभर कोवळ्या पानांनी भरते. दोन्ही रूपे रेखाटनवहीत असू द्या.

एक लहानशी पुस्ती. याच किल्ल्याच्या दुसऱ्या बाजूचे चित्र करणार असाल, तर खाली लष्करची वस्ती काढू नका. लष्कर वसले ते दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून, १८१० च्या सुमारास.

प्रश्न : आमच्या दिवाळी अंकात पानिपतावरचा एक लेख आहे. त्यात जखमी महादजी शिंद्यांना राणेखान नावाच्या भिस्त्याने कसे वाचवले, हा प्रसंग चारच ओळींत आला आहे आणि संपादकांना नेमके त्याचेच पूर्ण पानाचे चित्र हवे आहे. चार ओळींतून पूर्ण पान कसे भरायचे?
— एक हौशी चित्रकार, इंदूर

उत्तर : चार ओळी पुष्कळ झाल्या, अडचण येते ती चाळीस पाने असली की. परंपरेने आलेली हकिकत अशी आहे. १४ जानेवारी १७६१ ला पराभव झाल्यावर महादजी घोडीवरून निघाले, एका अफगाण स्वाराने त्यांचा लांबवर पाठलाग केला, थकलेली घोडी खड्ड्यात कोसळली, स्वाराने त्यांच्या पायावर घाव घातला, अंगावरचे दागिने काढून घेतले आणि त्यांना तसेच टाकून तो निघून गेला. मागून येणाऱ्या राणेखान भिस्त्याने त्यांना ओळखले, आपल्या बैलावर घातले आणि दक्षिणेकडे नेले. महादजी जन्मभर लंगडत राहिले, राणेखानाला त्यांनी भावासारखे मानले, आणि पुढे तो त्यांच्या फौजेतला मोठा सरदार झाला.

आधी क्षण निवडा. घाव घालण्याचा क्षण सगळेच निवडतात. त्यात तलवार असते, रक्त असते, पण राणेखान नसतो. बैलावरून चाललेला प्रवास शांत आहे, तिथे गोष्ट संपलेली असते. मी उचलण्याचा क्षण घेईन, जेव्हा एक माणूस दुसऱ्याला काखेत हात घालून वर ओढतो आहे आणि बैल अंग चोरून उभा आहे.

मग त्या दिवसाची चौकशी करा. पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. अष्टमी म्हणजे संध्याकाळी अर्धा चंद्र डोक्यावर, आणि तो मध्यरात्रीच्या सुमारास मावळणार. एवढ्या एका तिथीने तुमच्या चित्राचा प्रकाश ठरला: वरून येणारा, थंड, अपुरा, ज्यात माणूस ओळखू येतो पण कपड्यांचे रंग ओळखू येत नाहीत. पूर्ण चंद्र काढलात, तर पंचांग हातात घेऊन पत्र पाठवणारा वाचक आपल्याकडे नक्की आहे, आणि तो बरोबरच असेल. जानेवारीतली थंडी असल्यामुळे तोंडातून वाफ निघेल, बैलाच्या नाकपुड्यांतून जास्त निघेल. जमीन सपाट हवी, अगदी सपाट. पानिपतच्या चित्रात मागे डोंगर काढण्याची आपल्याला सवय लागली आहे, कारण हात सह्याद्रीवर बसलेला असतो. तिथे डोंगर नाहीत, आणि लपायला जागा नसणे हीच तर त्या पळापळीतली भीती होती.

आता बैल. हा पखालीचा बैल आहे. त्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणारी चामड्याची मोठी पखाल असते. ती भरलेली असताना जखमी माणूस वर ठेवता येणार नाही. म्हणजे राणेखानाने आधी पखाल रिकामी केली असेल किंवा उतरवून टाकली असेल. हे कोणी लिहिलेले नाही, पण बैलाकडे पाहिल्यावर दुसरे काही संभवत नाही. त्यामुळे चित्राच्या खालच्या कोपऱ्यात चुरगळलेली पखाल आणि जमिनीत मुरणारे पाणी येते, त्या पाण्यात अर्ध्या चंद्राचा एक तुटका तुकडा येतो, आणि ज्या माणसाचा धंदाच पाणी वाहण्याचा त्याने ते ओतून दिले, हे वाचकाला आपसूक कळते. जुन्या छायाचित्रांत भिस्त्यांचे बैल पुष्कळ सापडतील. पखालीचे तोंड कसे बांधतात, पट्टा पोटाखालून कसा जातो, हे त्यांत नीट पाहा. आजच्या बैलगाडीच्या बैलाला दोन पिशव्या लटकवून वेळ मारून नेऊ नका.

चेहऱ्यांविषयी. महादजींचे जे चित्र सर्वत्र छापले जाते, ते जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने १७९२ च्या आसपास, महादजी पुण्यात असताना केलेल्या चित्रावरून आलेले आहे. ते साठीतले, जड अंगाचे महादजी आहेत. पानिपतात ते तिशीच्या आसपासचे होते. त्या चित्रातली कपाळाची ठेवण, नाक आणि डोळ्यांतले अंतर एवढेच घ्या; गालांचे मांस, पोट आणि बैठक मागे सोडा. राणेखानाचा चेहरा मी मुळीच दाखवणार नाही. तो पाठमोरा, वाकलेला असू द्या. त्या रात्री तो हजारोंतला एक पाणक्या होता. त्याच्या नावाला चेहरा पुढे मिळाला.

तुमच्या पत्रात न विचारलेला, पण त्यामागे असलेला एक प्रश्न मला दिसतो: जे लिहिलेले नाही ते चित्रात किती ठामपणे काढावे? इतिहासकार एका वाक्यात ‘असे दिसते’, ‘असे म्हणतात’ अशी पाचर मारून मोकळा होतो. चित्रकाराला ती सोय नाही. कपड्याला रंग द्यावाच लागतो, दाढी ठेवावी लागते किंवा काढावी लागते. म्हणून अनिश्चित गोष्टी अंधारात ढकलणे, पाठमोऱ्या करणे, चौकटीच्या कडेने कापणे, सैल कुंचल्याने सोडून देणे, आणि जे पक्के ठाऊक आहे त्यावरच बारीक काम करणे, हे आपल्या धंद्यातले प्रामाणिकपणाचे मार्ग आहेत. या चित्रात पक्के काय आहे? तिथी, सपाट जमीन, पायावरचा घाव, बैल. बारीक कुंचला तिथेच वापरा.

प्रश्न : दंतकथा रंगवताना ही सगळी चौकशी गैरलागू ठरते का? मला मृगनयनीची आणि ग्वालिपा साधूची अशी दोन चित्रे एका बालमासिकासाठी करायची आहेत.
— एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : दोन्ही कथांना एकच माप लावू नका. मृगनयनी ही ऐतिहासिक राजाच्या भोवती वाढलेली कथा आहे. राई गावच्या गुजर मुलीने झुंजणाऱ्या दोन म्हशींना शिंगांना धरून वेगळे केले, शिकारीला निघालेल्या मानसिंहांनी ते पाहिले, तिने लग्नासाठी वेगळा महाल आणि आपल्या गावचे पाणी मागितले. तो गुजरी महाल किल्ल्याच्या पायथ्याशी आजही उभा आहे आणि त्यात पुरातत्त्व संग्रहालय आहे. इथे पोशाख, महाल, म्हशी सगळे खरे हवे. विशेषतः म्हशी. झुंजीत म्हशी डोक्याला डोके लावून, पुढचे गुडघे किंचित वाकवून एकमेकींना रेटतात. त्यांना बैलासारखे शिंग उगारून धावताना दाखवले की गावाकडची मुले हसतात.

ग्वालिपाची कथा निराळी. कुष्ठाने पीडित सूरजसेनाला साधूने डोंगरावरच्या कुंडाचे पाणी पाजले, तो बरा झाला, त्याने किल्ला बांधला आणि साधूच्या नावावरून गावाला नाव मिळाले. त्याच्या वंशजांनी ‘पाल’ हे नाव सोडले की राज्य जाईल, असेही साधूने बजावले होते म्हणे. इथे यथार्थदर्शन, छाया-प्रकाश, त्वचेवरचे व्रण यांच्या नादी लागलात, तर चमत्कार मरतो आणि आजारच तेवढा उरतो. अशा कथेला आपल्याकडे तयार वाट आहे. कोकणातल्या पिंगुळीच्या चित्रकथींत आकृत्या सपाट असतात, डोळे मोठे असतात, आणि मागे अवकाश मोकळा सोडलेला असतो. जुन्या भित्तिचित्रांत तर एकच माणूस एका चौकटीत दोनदा येतो: डावीकडे तहानलेला, रोगी सूरजसेन, मध्ये कुंड, उजवीकडे तोच राजा निरोगी. मुलांना हे न सांगता कळते. बडोद्याला जाल तेव्हा तांबेकर वाड्याच्या भिंती पाहा. दिवाण भाऊ तांबेकरांच्या त्या वाड्यात कृष्णलीला आणि इंग्रज-मराठ्यांची लढाई शेजारी शेजारी, एकाच सपाट शैलीत रंगवलेल्या आहेत, आणि तिथे देव आणि गोरे शिपाई यांची जराही अडचण होत नाही. सूरजकुंड मात्र किल्ल्यावर जाऊन पाहा. कथा सपाट काढायची म्हणून पाणी कसेही काढावे, असे नाही.

प्रश्न : राजा रविवर्म्यांनी पौराणिक स्त्रियांना साड्या नेसवल्या. आपल्या नियमाने ती चूकच नव्हे का?
— एक वाचक, बडोदे

उत्तर : त्यांना तो प्रश्न पडला होता. सयाजीराव महाराजांनी लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी त्यांच्याकडून १४ पौराणिक चित्रे करवून घेतली. त्यासाठी पेहराव पाहायला रविवर्मा आपल्या भावाबरोबर उत्तर हिंदुस्थानभर फिरले होते. पुराणकाळचा पोशाख कुठेच सापडणार नव्हता, म्हणून त्यांनी जिवंत स्त्रियांच्या अंगावर दिसणारी, घडी आणि वजन असलेली साडी निवडली. जरीचा पदर खांद्यावरून कसा ओघळतो, हे त्यांच्याइतके कोणी पाहिले नसेल. पुढे १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत छापखाना काढला, चित्रे घरोघरी गेली, आणि मग दमयंती म्हटली की साडीच, अशी आपल्या डोळ्यांची समजूत झाली. दोष साडीचा नाही. आपण त्यांच्या निवडीला पुरावा समजू लागलो, इथे गडबड झाली. माझ्या मते ती चित्रे नाटकाच्या रंगमंचासारखी वाचावीत, आणि मग ती फार सुंदर आहेत.

बडोद्यातच याचे दुसरे टोक पाहता येते. कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात गंगावतरण, मीराबाई, महाभारतयुद्ध असे विषय भिंतींवर रंगवले आहेत. तिथे जरतार नाही, कापडाचे वजन नाही, रेषा आहे. दोन्ही एकाच दिवशी पाहा, सकाळी राजवाड्यातील संग्रहालय आणि दुपारी कीर्तिमंदिर. उलट क्रमाने पाहिलीत, तर रविवर्म्यांचे तैलरंग उगाच भडक वाटतात.

प्रश्न : मल्हारराव होळकरांच्या स्वारांना कोणती पगडी दाखवावी?
— शाळकरी वाचक, इंदूर

उत्तर : साध्या स्वाराला पगडी देऊच नकोस. घडवलेली, ताठ पगडी ही दरबारात बसणाऱ्याची. दिवसभर घोड्यावर असणाऱ्याच्या डोक्याला लांब कापडाचे पागोटे गुंडाळलेले असते, आणि तेही प्रत्येकाचे वेगळे, कोणाचे सुटत आलेले. शिंदेशाही, होळकरी, बडोद्याची अशा ज्या पगड्या तू संग्रहालयात किंवा जुन्या छायाचित्रांत पाहतोस, त्या मुख्यतः एकोणिसाव्या शतकातल्या आहेत, आणि मल्हारराव १७६६ मध्ये वारले. अंगरखा किंवा जामा काढशील, तेव्हा बंद कुठल्या बाजूला आहेत ते पाहा: जुन्या लघुचित्रांत हिंदूंच्या जाम्याचे बंद डाव्या बाजूला आणि मुसलमानांचे उजव्या बाजूला असतात.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या स्मरणिकेवर धुरंधर किंवा दीनानाथ दलाल यांचे एखादे जुने चित्र छापायचे आहे. परवानगी लागते का? आणि मी स्वतः काढलेल्या मुखपृष्ठाचे हक्क कोणाचे?
— एका सांस्कृतिक संस्थेचे कार्यकर्ते, इंदूर

उत्तर : आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षाच्या प्रारंभापासून ६० वर्षे हक्क टिकतात. रविवर्मा १९०६ मध्ये वारले, म. वि. धुरंधर १९४४ मध्ये. त्यांची चित्रे आता सर्वांची आहेत, मात्र चित्र आणि चित्रकार यांचे नाव छापण्याचा सभ्यपणा पाळावा. दलाल १९७१ मध्ये गेले. म्हणून त्यांच्या चित्रांचे हक्क २०३१ च्या अखेरपर्यंत शाबूत आहेत आणि परवानगी घ्यावी लागेल. ‘जुन्या दिवाळी अंकातून घेतले’ हे उत्तर चालत नाही, आणि संगणकावर रंग बदलून घेतले तरी चालत नाही.

तुमच्या स्वतःच्या मुखपृष्ठाचे उत्तर अनेकांना आवडत नाही. १९५७ च्या कायद्याच्या १७ व्या कलमानुसार, कोणी मोबदला देऊन चित्र करवून घेतले असेल आणि वेगळा करार केलेला नसेल, तर पहिला हक्कधारक तो करवून घेणारा ठरतो. चित्रकार म्हणून तुमचे नाव लावले जाण्याचा आणि चित्राची विटंबना होऊ न देण्याचा अधिकार ५७ व्या कलमाने तुमच्याकडेच राहतो, पण पुनर्मुद्रणाचे पैसे मिळतीलच असे नाही. म्हणून काम हाती घेण्यापूर्वी, ओळखीच्या माणसाचे असले तरी, एका कागदावर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: चित्र एकदाच छापायचे की पुन्हाही, दुसऱ्या पुस्तकावर किंवा फलकावर वापरायचे झाल्यास किती रक्कम द्यायची, आणि मूळ चित्र छापखान्यातून परत कोणी आणून द्यायचे. तिसरी गोष्ट लोक विसरतात, आणि मूळ चित्रे छापखान्याच्या माळ्यावर पडून राहतात.